विद्यापीठाकडून रिक्त पदांची माहिती मागवायची आहे : अर्ज कोणाकडे, कसा करावा?

अभ्यासिका

नमस्कार. राज्यातल्या तीन अकृषी विद्यापीठांमधली मंजूर शिक्षकपदं, त्यातली रिक्त पदं आणि तासिका तत्त्वावर चालणारं अध्यापन हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करायचा आहे. मसुदा असा :

१. आपल्या विद्यापीठात व सर्व संलग्न महाविद्यालयांत किती शिक्षक आहेत आणि किती जागा का रिक्त आहेत?
२. सुरुवातीपासून आजपर्यंत तासिका तत्त्वावर नेमलेल्या सर्वांची नावे, पत्ते, शिक्षण व मिळालेले मानधन.
३. गेल्या दहा वर्षांत किती जणांना पीएच.डी. मिळाली, त्यांचे विषय व मार्गदर्शक.
४. वरील सर्व माहिती सोबतच्या तक्त्यात भरून द्यावी.

अर्ज कुलगुरूंच्या नावे पाठवावा का? शुल्क किती आणि कसं भरायचं? नकार आला तर पुढे काय? या तीनपैकी एखाद्या विद्यापीठाऐवजी खासगी विद्यापीठ घेतलं तर हाच अर्ज चालेल का? आतल्या कामकाजाची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

दप्तरखाना

हा मसुदा असाच पाठवलात तर चारही मुद्द्यांवर रिकामं उत्तर येईल, आणि बहुतेक ठिकाणी ते कायद्याला धरूनही असेल. माहिती अधिकारात मिळतात ते विद्यापीठाच्या ताब्यातले कागद : नस्ती (कार्यालयीन फाइली), टिपण्या, नोंदवह्या, इतिवृत्तं, करार, संगणकातल्या फाइली. ‘जागा का रिक्त आहेत’ याचं उत्तर कोणत्याही नस्तीत एका वाक्यात लिहिलेलं नसतं. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, जी माहिती ठेवणं कोणत्याही कायद्याने बंधनकारक नाही आणि जी तशी ठेवलेलीही नाही, ती अर्जदारासाठी नव्याने गोळा करून देण्याची सक्ती नाही. तुमचा तक्ता तिथेच अडकतो. तक्ता तुम्ही भरायचा, विद्यापीठाकडून त्यासाठी लागणारा कागद घ्यायचा.

म्हणून आधी कोणता कागद कुठल्या विभागात असतो ते पाहा.

विद्यापीठाच्या स्वतःच्या शैक्षणिक विभागांतली पदं शिक्षक आस्थापना विभागाकडे असतात. तिथे तीन कागद महत्त्वाचे. एक, पदांना मंजुरी देणारे शासन निर्णय आणि त्यासोबतचा आकृतिबंध (कोणत्या विषयात कोणती, किती पदं याचा तक्ता). दोन, बिंदुनामावली. तीन, शासनाला आणि उच्च शिक्षण संचालनालयाला वेळोवेळी पाठवलेली रिक्त पदांची विवरणपत्रं. तुमच्या विषयाला बिंदुनामावलीइतका उपयोगी दुसरा कागद नाही. तिच्यात प्रत्येक मंजूर पद हा एक बिंदू असतो, त्यापुढे आरक्षणाचा प्रवर्ग, पदावरची व्यक्ती, नेमणुकीची तारीख, पद रिकामं असल्यास तशी नोंद. विभागीय आयुक्त कार्यालयातला मागासवर्ग कक्ष ती तपासून प्रमाणित करतो. मागताना ‘शेवटची प्रमाणित केलेली बिंदुनामावली, प्रमाणपत्रासह’ असंच लिहा, कारण प्रमाणपत्रावरच्या तारखेवरून आकडे कोणत्या दिवसाचे आहेत ते कळतं. रिक्त पदांच्या चर्चेत निम्मा गोंधळ तारखेचा असतो : एक आकडा मार्चअखेरचा, दुसरा जूनमधल्या निवृत्त्यांनंतरचा.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसाठी आस्थापना विभागात नेमणुकीचे आदेश सापडतात, पण प्रत्यक्ष दिलेलं मानधन वित्त व लेखा विभागात असतं. हे दोन विभाग, म्हणजे दोन अर्ज. पदभरतीबद्दलचे निर्णय व्यवस्थापन परिषदेच्या इतिवृत्तांत असतात. ती सभा व दप्तर विभागाकडे (काही विद्यापीठांत नाव थोडं वेगळं आहे) मिळतात.

संलग्न महाविद्यालयांचा प्रश्न वेगळा आहे आणि इथे बहुतेक अर्ज चुकतात. विद्यापीठ महाविद्यालयाला संलग्नता देतं आणि शिक्षकांच्या नेमणुकीला मान्यता देतं. पगार देत नाही. अनुदानित महाविद्यालयांच्या वेतनाचं काम विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण यांच्या कार्यालयातून चालतं. अनुदानित मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वाला कुठे परवानगी दिली, हे कागद त्या कार्यालयाकडे. विद्यापीठाकडे मागितलंत तर ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं येईल किंवा माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवला जाईल. तेवढे दिवस वाया घालवण्यापेक्षा थेट सहसंचालकांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याला (माहितीच्या अर्जांना उत्तर देण्यासाठी नेमलेला अधिकारी) लिहा. विनाअनुदानित महाविद्यालयांतल्या शिक्षकांची माहिती मात्र विद्यापीठाच्या मान्यता कक्षात आणि संलग्नतेसाठी जाणाऱ्या समित्यांच्या अहवालांतच मिळते.

आता अर्जाचा आतला प्रवास. आवक विभागात शिक्का आणि क्रमांक पडतो, मग अर्ज कुलसचिव कार्यालयाकडे किंवा माहिती अधिकार कक्ष असेल तर तिथे जातो. तिथून ज्या विभागाचा विषय त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. हा सहसा सहायक कुलसचिव किंवा उपकुलसचिव असतो. तो संबंधित कार्यासनाच्या (तो विषय हाताळणाऱ्या टेबलाच्या) लिपिकाकडून नस्ती मागवतो, पानं मोजतो, शुल्काचं पत्र काढतो किंवा उत्तर देतो. एका अर्जात चार विभाग आले की अर्जाच्या चार छायाप्रती निघतात, चार ठिकाणी जातात आणि शेवटचा विभाग उत्तर देईपर्यंत पहिल्या तिघांचं उत्तर टेबलावर पडून राहतं. किंवा चार वेगवेगळी पत्रं येतात, त्यातलं एक ‘माहिती निरंक’, म्हणजे काहीच नाही. म्हणून एक विभाग, एक विषय, एक अर्ज.

कुलगुरूंच्या नावे पाठवू नका. ते जन माहिती अधिकारी नसतात; त्यांच्या कार्यालयातून अर्ज पुन्हा खाली यायला वेळ जातो. ‘जन माहिती अधिकारी, शिक्षक आस्थापना विभाग’ असं लिहा. जन माहिती अधिकाऱ्यांची आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांची (पहिलं अपील ऐकणारे) विभागवार यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असायलाच हवी, कारण कलम ४(१)(ख) खालच्या १७ बाबींत ती येते. यादी सापडलीच नाही तर ‘जन माहिती अधिकारी, कुलसचिव कार्यालय’ असा पत्ता चालतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाचे अभिलेख कुलसचिवांच्या अभिरक्षेत असतात, त्यामुळे तिथला अर्ज परत पाठवता येत नाही.

अर्ज करण्याआधी एवढं पाहून घ्या. नॅकला (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी संस्था) दरवर्षी जाणारा गुणवत्ता अहवाल विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या पानावर असतो. त्यात निकष २.४ खाली मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती ते दिलेलं असतं. एनआयआरएफला (केंद्राची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) पाठवलेली माहिती संस्थेने स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवणं अपेक्षित आहे. पीएच.डी.चा तुमचा तिसरा मुद्दा तर अर्जातून काढूनच टाका : प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात विद्यापीठ, विभाग आणि मार्गदर्शकाच्या नावासह सापडतात. मात्र एक खबरदारी. एनआयआरएफमधली शिक्षकसंख्या आणि बिंदुनामावलीतली भरलेली पदं सारखी नसतात, कारण एनआयआरएफमध्ये सलग दोन्ही सत्रं शिकवणारे कंत्राटी शिक्षकही मोजले जातात. दोन्ही आकडे शेजारी ठेवलेत तर त्यातला फरक हाच तुमच्या प्रबंधाचा एक मुद्दा होईल.

कलम_सात

शुल्क आणि मुदतीबद्दल.

राज्याच्या अखत्यारीतल्या विद्यापीठाला महाराष्ट्र माहिती अधिकार नियम लागू. अर्ज जोडपत्र ‘अ’ (नियमांतला अर्जाचा नमुना) मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी मुद्रांक अर्जावर चिकटवून. रोख भरल्यास पावतीची प्रत जोडा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण पुरावा जोडावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत असायला हवा. पहिल्या तीन ओळी कायद्याच्या गौरवावर घालवू नका, शब्द तिथेच संपतात.

मुदत अर्ज मिळाल्यापासून ३० दिवस. ३ फेब्रुवारी २०२६ ला आवक झाली तर ५ मार्चपर्यंत. सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर आणखी ५ दिवस. त्यामुळे आवक शिक्का असलेली दुसरी प्रत स्वतःकडे ठेवणं किंवा स्पीड पोस्टची पोच जपणं अत्यावश्यक आहे. पुढचे सगळे हिशेब त्या एका तारखेवर चालतात.

प्रतींचं शुल्क ए-४ किंवा ए-३ आकाराच्या पानाला २ रुपये, वर टपालखर्च. ८६ पानं निघाली तर १७२ रुपये. शुल्काच्या पत्रात किती पानं, कोणत्या दराने, असा हिशेब दाखवणं कलम ७(३) खाली बंधनकारक आहे. ‘रु. ५०० भरावेत’ एवढंच लिहिलेलं पत्र अपुरं. पत्र रवाना झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात. म्हणजे विसाव्या दिवशी पत्र निघालं आणि तुम्ही दोन आठवड्यांनी पैसे भरलेत, तर भरल्यापासून त्यांच्याकडे दहा दिवस उरतात. पैसे भरायला उशीर केलात तर तो उशीर तुमच्याच खात्यात. आणि ३० दिवस उलटून गेल्यावर शुल्काचं पत्र आलं, तर कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी लागते. हे कलम अर्जदार फार क्वचित वापरतात. पैसे भरू नका, कलमाचा उल्लेख करून लेखी कळवा.

नकाराचे नेहमीचे प्रकार :

‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कलम ७(९) नुसार देता येत नाही.’ हे चूक आहे. ७(९) फक्त स्वरूपाबद्दल बोलतं : मागितलेल्या स्वरूपात देताना साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्च होणार असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या. नकाराची कारणं कलम ८ आणि ९ मध्येच आहेत. अशा उत्तरावर अपील करताना अभिलेखांची पाहणी मागा. पाहणी हा कलम २ मधल्या व्याख्येतच मिळालेला हक्क आहे. पाहणीला जाताना कागद, पेन आणि पानांवर लावायला खुणेच्या चिठ्ठ्या न्या. हव्या त्या पानांवर खूण करा आणि तेवढ्याच प्रती मागा. बिंदुनामावलीसारख्या मोठ्या नोंदवहीसाठी हा मार्ग स्वस्तही पडतो.

‘चौकशी प्रलंबित आहे.’ चौकशी चालू असणं एवढंच कारण पुरत नाही. माहिती दिल्याने चौकशीत अडथळा कसा येईल ते कारण जन माहिती अधिकाऱ्याने लिहायला हवं.

‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.’ नेमका दुवा द्या, किंवा छापील साक्षांकित प्रत द्या, असं अपिलात म्हणा. संशोधनासाठी साक्षांकित प्रत महत्त्वाची, कारण संकेतस्थळावरची फाइल उद्या बदलू शकते.

‘अभिलेख नष्ट केले आहेत.’ उत्तरपत्रिकांच्या बाबतीत हे खरं असू शकतं, त्या ठरावीक काळच ठेवतात आणि माहिती अधिकारामुळे तो काळ वाढत नाही. पण आस्थापनेच्या नस्तीबद्दल असं लिहून आलं तर अभिलेख वर्गीकरणाची यादी आणि नष्ट केल्याचा आदेश यांची प्रत मागा. बऱ्याचदा त्यानंतर नस्ती सापडते.

उत्तर न आल्यास ३० दिवस संपल्यापासून ३० दिवसांत, किंवा उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, पहिलं अपील. जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचं कोर्ट फी मुद्रांक. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने ३० दिवसांत, कारणं नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे, ९० दिवसांत. आयोगाकडे सुनावणी लागायला फार काळ जातो, प्रबंधाची मुदत तोवर संपेल. त्यामुळे पहिलं अपील नीट लिहा आणि सुनावणीला हजर राहा. तिथे अधिकारी, लिपिक आणि नस्ती एकाच खोलीत असतात. कोणता कागद हवा ते बोट ठेवून दाखवता येतं आणि अनेकदा आदेशाआधीच प्रत मिळते.

दंडाबद्दल गैरसमज आहे. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, हा दंड फक्त आयोग लावू शकतो. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला तो अधिकार नाही. आणि कलम १८ खालच्या तक्रारीत माहिती देण्याचा आदेश होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात २०११ मध्ये सांगितलं. माहिती हवी असेल तर अपीलच करा.

अभ्यासिका

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरल्या. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नावं आणि मानधन मागितलं तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारतील का? अलीकडे कायदा बदलला असं ऐकलं. आणि खासगी विद्यापीठाचा प्रश्न राहिला.

जाहीर_अभिलेख

कायदा बदलला आहे, आणि तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला त्याचा थेट फटका बसतो. कलम ८(१)(ञ) आधी असं होतं : वैयक्तिक माहिती नाकारता येईल, पण ती सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंधित नसेल, किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला पडत असेल तरच, त्यातही व्यापक जनहित असेल तर द्यावी लागे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने या सगळ्या अटी काढल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आला. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढंच उरलं आहे. माझ्या मते सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणाऱ्यांचं यात मोठं नुकसान झालं आहे. ज्या अधिकाऱ्याला नाकारायचंच आहे त्याच्या हातात आता दोन शब्दांचं कारण आलं.

तरीही दोन आधार शिल्लक आहेत. कलम ८(२) : जनहित संभाव्य हानीपेक्षा मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. अर्ज करताना कारण सांगण्याची सक्ती कलम ६(२) नुसार नाही, पण ८(२) वर विसंबणार असाल तर अपिलात जनहित कोणतं ते तीन-चार ओळींत लिहावंच लागेल. दुसरा आधार कलम ४(१)(ख) चा : प्रत्येक अधिकाऱ्याला व कर्मचाऱ्याला मिळणारं मासिक वेतन सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायचं आहे. ही तरतूद तशीच आहे. जे जाहीर करणं कर्तव्य आहे ते वैयक्तिक म्हणून कसं नाकारता, हा प्रश्न अपिलात विचारता येतो. तासिका तत्त्वावरचा शिक्षक ‘कर्मचारी’ आहे का यावर मात्र वाद घातला जाईल, त्याची तयारी ठेवा.

पण तुम्हाला नावं खरंच लागतात का? प्रबंधाला लागतात ते आकडे : विभागनिहाय किती जण, कोणत्या विषयात, किती तास, एकूण किती रक्कम. मग लेखा विभागाकडे तासिका मानधनाच्या लेखाशीर्षाखालचा (हिशेबातल्या त्या खर्चाच्या खात्यातला) महिनावार खर्च आणि देयकांचे गोषवारे मागा. ‘नाव, पत्ता, बँक खाते, आधार क्रमांक कलम १० नुसार झाकून प्रत द्यावी’ असं स्वतःच लिहा. माहिती झाकून उरलेला भाग देता येत असेल तर पूर्ण नकार देता येत नाही. नावं मागितली की त्रयस्थ पक्षाचा प्रश्नही उभा राहतो : कलम ११ नुसार पाच दिवसांत प्रत्येक संबंधिताला नोटीस, त्यांना म्हणणं मांडायला दहा दिवस, आणि एकूण निर्णय ४० दिवसांत. दोनशे शिक्षकांना दोनशे नोटिसा काढण्याऐवजी अधिकारी सरळ नकार देतो.

विद्यार्थ्यांच्या नोंदी, सेवापुस्तकं, गोपनीय अहवाल, मालमत्तेची विवरणपत्रं यांच्या वाटेला जाऊ नका. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सेवेतली अशी बरीचशी माहिती वैयक्तिक ठरवली होती. दिल्ली विद्यापीठाच्या १९७८ च्या बी.ए. नोंदींबाबत केंद्रीय माहिती आयोगाने २०१६ मध्ये दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केला. एखाद्याची पदवी, गुण यांची मागणी विद्यापीठं आता त्याच निकालाच्या आधारे नाकारतील. भरतीतल्या गुणांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळी दिशा दाखवली होती : सार्वजनिक भरतीतले उमेदवारांचे गुण उघड करण्याने पारदर्शकता वाढते, ते लपवता येत नाहीत. तो निकाल जुन्या शब्दरचनेवरचा आहे, तरी ८(२) चा युक्तिवाद करताना त्यातली कारणमीमांसा उपयोगी पडेल. निवड समितीतल्या कोणत्या तज्ज्ञाने किती गुण दिले, हे नावानिशी मागू नका. मुलाखत मंडळाच्या सदस्यांची नावं न देण्याला २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. एकत्रित गुणतक्ता मागा.

वर्धा_मार्ग

खासगी आणि इतर विद्यापीठांबद्दल थोडक्यात, कारण इथे नियमच बदलतात.

केंद्राच्या संस्था, उदाहरणार्थ वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय किंवा मुंबईची आयआयटी : तिथे केंद्राचे नियम. मर्यादा ५०० शब्दांची, अर्ज शुल्क १० रुपयेच, पण कोर्ट फी मुद्रांक चालत नाही. भारतीय पोस्टल ऑर्डर लेखा अधिकाऱ्याच्या नावे काढा किंवा केंद्राच्या ऑनलाइन संकेतस्थळावरून भरा. पहिल्या अपिलाला शुल्क नाही. दुसरं अपील दिल्लीतल्या केंद्रीय माहिती आयोगाकडे. मुद्रांक लावून पाठवलेले अर्ज शुल्काअभावी परत येतात, ही रोजची चूक आहे.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथली कृषी विद्यापीठं राज्याच्याच नियमांत, पण तिथली पदमंजुरी कृषी विभागाकडून येते. उच्च शिक्षण संचालनालयाकडे त्यांचे कागद मिळणार नाहीत. गोवा विद्यापीठाला गोव्याचे नियम आणि गोवा राज्य माहिती आयोग.

खासगी विद्यापीठ थेट सार्वजनिक प्राधिकरण ठरेलच असं नाही. सरकारी निधी भरीव प्रमाणात मिळतो का यावर ते ठरतं; डीएव्ही महाविद्यालयांच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कसोटीवर अनुदानित महाविद्यालयं कायद्याच्या कक्षेत आणली. निधी नसेल तर वळसा घ्या. माहितीच्या व्याख्येत ‘सार्वजनिक प्राधिकरणाला कोणत्याही कायद्याखाली खासगी संस्थेकडून मिळवता येईल अशी माहिती’ येते. म्हणून खासगी विद्यापीठाने विद्यापीठ अनुदान आयोगाला किंवा मंत्रालयातल्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाला सादर केलेली विवरणपत्रं त्या कार्यालयांकडे मागा. प्रबंधात तुलना करायची असेल तर तीनही सरकारी विद्यापीठंच ठेवा, असा माझा सल्ला. खासगी विद्यापीठात बिंदुनामावलीसारखा समान कागदच मिळणार नाही.

आणखी एक. शिक्षकांना प्रश्नावली द्यायची असेल, मुलाखती घ्यायच्या असतील, तर त्याला माहिती अधिकार लागूच होत नाही. त्यासाठी मार्गदर्शकाच्या पत्रासह, प्रश्नावली आणि तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता जोडून कुलसचिवांना वेगळं विनंतीपत्र द्या. हे पत्र आणि माहितीचा अर्ज एकाच लखोट्यात घालू नका. दोन्ही एकाच नस्तीत लागतात आणि परवानगीचा निर्णय होईपर्यंत अर्जही थांबतो.

दप्तरखाना

वरच्या सगळ्या मुद्द्यांनुसार पहिला अर्ज असा लिहा. १५० शब्दांच्या आत बसतो.

‘प्रति, जन माहिती अधिकारी, शिक्षक आस्थापना विभाग.
विषय : विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागांतील मंजूर व रिक्त शिक्षकपदे.
कालावधी : १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२५.
पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात :
१. शिक्षकपदांना मंजुरी देणारे सध्या लागू असलेले शासन निर्णय अथवा आदेश आणि त्यासोबतचा विषयनिहाय, पदनिहाय आकृतिबंध.
२. मागासवर्ग कक्षाने शेवटची प्रमाणित केलेली शिक्षकपदांची बिंदुनामावली, प्रमाणपत्रासह.
३. वरील कालावधीत शासनास व उच्च शिक्षण संचालनालयास पाठवलेली रिक्त शिक्षकपदांची विवरणपत्रे, जावक क्रमांक व दिनांकासह.
अभिलेख संगणकात असल्यास त्याच स्वरूपात ईमेलने द्यावेत. जन्मतारीख, पत्ता असा वैयक्तिक तपशील कलम १० नुसार झाकावा. प्रतींची संख्या मोठी असल्यास अभिलेखांच्या पाहणीसाठी दिनांक व वेळ कळवावी.’

दुसरा अर्ज वित्त व लेखा विभागाला : तासिका मानधनाच्या लेखाशीर्षाखालचा महिनावार खर्च आणि देयकांचे गोषवारे, त्याच चार वर्षांचे. तिसरा सहसंचालकांच्या कार्यालयाला : त्या विभागातल्या अनुदानित महाविद्यालयांची मंजूर, भरलेली, रिक्त पदांची विवरणपत्रं आणि तासिका तत्त्वाला दिलेल्या परवानग्यांचे आदेश.

तिन्ही विद्यापीठांना कालावधी आणि शब्दरचना अगदी एकसारखी ठेवा. एका ठिकाणी शैक्षणिक वर्ष आणि दुसरीकडे आर्थिक वर्ष घेतलंत तर आकडे जुळवता येणार नाहीत. बिंदुनामावली ‘प्रमाणित झालेली नाही’ असं उत्तर एखाद्या ठिकाणाहून आलं तर तेही पत्र नीट जपून ठेवा आणि मागासवर्ग कक्षाकडे शेवटचं प्रमाणीकरण कधी झालं त्याच्या नोंदीची प्रत मागा. नामावली प्रमाणित नसली की जाहिरात अडते, आणि ‘जागा का रिक्त आहेत’ या तुमच्या पहिल्या प्रश्नाचा एक धागा तिथे सापडू शकतो.

अर्ज एप्रिल-मेमध्ये पाठवू नका. परीक्षा, निकाल आणि वर्षअखेरचे हिशेब एकत्र आलेले असतात. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाठवा, म्हणजे पहिल्या अपिलाची सुनावणी दिवाळीच्या सुट्टीआधी उरकेल.